सफरचंदाच्या झाडाखालचा पाला

मी पाला झाडू दिला असता, तर मोठीमाय आज असती का?

तेरा दिवस रोज स्वतःला हेच विचारते आहे.

मोठीमाय म्हणजे माझ्या बाबांची वहिनी. आलापल्लीजवळच्या आमच्या गावात तिने अंगणात सफरचंद लावलं होतं. हो, सफरचंद! गरम हवेत येणारी जात निघाली आहे. रोप मीच आणून दिलं होतं.

गाव हसलं. शेजारच्या शेवंताबाई कुंपणावरून विचारायच्या, "काऊन वं बाई, बरफ कधी पडते तुह्या आंगनात?"

"पडला का टोपलंभर तुह्या घरी पाठवतो," मोठीमाय म्हणायची.

तिसऱ्या वर्षी फळं धरली. लगेच पानांवर मावा ही कीड आली, मग फळमाशी.

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. बीएस्सी ॲग्री. आपल्या अंगणात विषारी फवारा येऊ द्यायचा नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं. निंबोळी अर्क फवारला. तेलाच्या डब्याचा पत्रा पिवळा रंगवून, किडे चिकटायला त्याला एरंडेल फासून फांदीला टांगला. मोठीमायने जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवून एकेका फळाला बांधल्या.

"नवरीवानी नटवलं वं आपुन याले!"

आणि मी दोन नियम घालून दिले.

झाडाखाली सागाच्या पाल्याचा जाड थर ठेवायचा. ओल टिकते, मावा खाणारे ढालकिडे आणि कोळी त्यात राहतात.

गळलेलं फळ रोज सकाळी उचलायचं. त्यात फळमाशीच्या अळ्या असतात.

चाळीस वर्षं रोज अंगण झाडणाऱ्या बाईला मी सांगितलं, झाडू नको.

"अन् लांबडं येऊन बसलं तं? त्याले तुही डिग्री दाखवू का मी?"

लांबडं म्हणजे साप. ती त्याचं नाव घेत नसे.

मी हसले. "मोठीमाय, सायन्स हाय हे."

तिने खराटा ठेवून दिला. माझ्यावर तिचा तेवढा विश्वास होता.

त्या सकाळी एक फळ गळून पाल्यात रुतलं होतं. ती हाताने चाचपडत होती. घोणस वाळल्या सागपानाच्याच रंगाची.

पाला माझ्या सांगण्यावरून. फळ उचलणंही माझ्याच सांगण्यावरून.

दवाखान्यात नेलं, सर्पदंशावरची लस दिली. शुद्धीत होती तेव्हा मला म्हणाली, "वरच्या फांदीची पिशवी सुटली हाय, बांधून देजो."

मला एका शब्दाने दोष दिला नाही.

तिसऱ्या दिवशी गेली.

सगळे म्हणाले, नशीब. मी गप्प राहिले. मला ते सोयीचं होतं.

काल तेरवी झाली. शेवंताबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "तुह्या पाल्यानं आमचं लिंबाचं झाड मस्त झालं वं पोरी. तुह्या मोठीमायनंच सांगतलं मले. आता मी बी झाडत नाई."

मी घास ताटात परत ठेवला.

"आनखी कोनी टाकला पाला?"

त्यांनी बोटांवर नावं घेतली. सात घरं. "आमची पोरगी शिकून आली, ती म्हन्ते" असं सांगत मोठीमाय घरोघरी फिरली होती. त्यातल्या तीन अंगणांत रांगणारी लेकरं आहेत.

मी तिला शिकवत होते. तिला काय माहीत आहे, हे एकदाही विचारलं नाही.

आज सकाळी सातही घरी गेले. प्रत्येक उंबऱ्यावर एकच सांगितलं. साप पाल्यात होता, आणि पाला मी टाकायला लावला होता.

शेवंताबाई म्हणाल्या, "त्याच दिवशी सांगाचं होतं तुनं."

खरं आहे.

मावा परत येईल. निंबोळी अर्क मी सगळ्यांना करून देईन, विषाचा फवारा आजही नको. पण हे वाचणाऱ्यांपैकी कोणी माझं ऐकून घराजवळ पाला पसरला असेल, तर आजच काढा. हाताने नाही, दाताळ्याने.

मोठीमाय, भावपूर्ण वगैरे लिहायला माझा हात उठत नाही. फक्त नमस्कार करते.

आमच्या आणि त्या सातही अंगणांतला पाला मी स्वतः ओढून गावाबाहेरच्या खड्ड्यात टाकून आले आहे.