भावकीला दिलेलं खाऊचं ॲप

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. अण्णा सहीपुरतं लिहितात, आई तेवढंही टाळते, आणि घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. अशा माणसाने चार लोकांनी वाचावं म्हणून काही लिहायला बसावं, हा आगाऊपणाच आहे. पण भावकीत माझ्याविषयी जे सांगितलं जातं, त्यापेक्षा मी लिहिलेलं जरा सौम्य असेल, एवढ्याच आशेवर लिहितो.

माझ्या थोरल्या बहिणीच्या, पूनमताईच्या लग्नाआधी मी आमच्या सगळ्या भावकीला लहान बाळ करून ठेवलं.

आमच्या पिंपळवंडीत लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवडहाळे असतात. भावकीतली माणसं बैलगाड्यांतून आंब्या-जांभळाचे डहाळे वाजतगाजत आणतात आणि मांडवावर घालतात. मंडपवाल्याने कितीही झालरी लावल्या तरी भावकीच्या डहाळ्यांशिवाय मांडव म्हणजे नुसतं कापड! दुसऱ्या दिवशी आंबेगावकडचं वऱ्हाड येणार आणि त्यांची पहिली नजर वर जाणार. पाला दिसला नाही, की ते समजणार, या पोरीच्या मागे माणसं नाहीत.

पहिल्या गाडीचा मान तात्यांचा. तात्या म्हणजे अण्णांचे थोरले चुलतभाऊ, पतसंस्थेचे माजी चेअरमन. (यातला 'माजी' त्यांच्यासमोर कोणी उच्चारत नाही.) दुसरी गाडी बबनकाकांची. या दोघांचं बांधावरच्या आंब्यावरून बोलणं बंद. एकाला आधी सांगितलं की दुसरा रुसतो. म्हणजे दोघांना एकदमच सांगायला हवं, आणि अण्णांना तोंड एकच!

"गणा," अण्णा म्हणाले, "तू एवढा कॉलेजात जातो. मोबाईलवरनं सगळ्यांना एकदम कामं वाटता येत्यात का रं?"

अण्णांनी मला आयुष्यात पहिल्यांदाच काही विचारलं होतं. (एरवी ते फक्त सांगतात.) मी म्हणालो, "येतात की!" येतात की नाही हे मला मुळीच माहीत नव्हतं.

शोधाशोध करून दोन ॲप मिळाली. एक कार्यक्रम भरवायचं, आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला वापरलेलं. दुसरं मुलांच्या खाऊच्या पैशांचं, पुण्याच्या मावसबहिणीने तिच्या पोरासाठी घेतलेलं. त्यात आईबापांनी काम द्यायचं, पोराने ते केलं की चांदणी मिळायची, आणि चांदण्या साठल्या की खाऊला पैसे. मी कागदावर मधोमध रेघ मारून दोन्हींची प्रामाणिकपणे तुलना केली. कार्यक्रमवाल्या ॲपने विचारलं: तिकीट केवढ्याचं? प्रमुख वक्ते कोण? वाहनं कुठली? (बैलगाडी त्यात नव्हती.) शिवाय प्रत्येकाने 'येणार', 'नाही येणार' किंवा 'अजून नक्की नाही' यावर बोट ठेवायचं होतं. आमच्या भावकीला 'अजून नक्की नाही' म्हणायची सोय आपणच करून द्यायची? अंगावर काटा आला. खाऊच्या ॲपने विचारलं फक्त नाव, नंबर आणि काम. तेही मराठीत! मी मनाशी म्हणालो, हेच आपलं. सगळ्यांचे नंबर भरले, कामं लिहिली आणि पाठवून दिली.

थोड्या वेळाने ओट्यावर बसलेल्या अण्णांचा फोन वाजला. त्यांचंही नाव मी घातलं होतं. अण्णांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि एकेक अक्षर लावून वाचू लागले.

"प्रिय बाळ अण्णा... तुझे पालक गणेश यांनी... तुला काम दिलं आहे... हट्ट न करता केलंस तर... चांदणी मिळेल."

मग त्यांनी फोन माझ्यासमोर धरला.

"गणा, ह्यो कोन मला बाळ म्हनतोय?"

"ॲप म्हणतंय, अण्णा."

"आनि तू माझा पालक व्हय?"

मी फोन घ्यायला हात पुढे केला, अण्णांनी तो मागे घेतला.

"तात्यांना बी ह्येच गेलं?"

"सगळ्यांनाच गेलं."

अण्णा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "तात्या न्हाई आलं, तर भावकी न्हाई येत. मग पूनमच्या मांडवाला पाला कोन घालनार? तू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ॲपने आपणहूनच सगळ्या भावकीला विचारलं, "बाळा, दात घासलेस का?"

तात्यांच्या तोंडात एकही दात नाही!

पाचच मिनिटांत तात्यांच्या घरून काकूंचा फोन आला. "गणा, ह्यांनी कवळी काढून मोबाईलम्होरं ठिवलीय. म्हनत्यात, इचार त्या गणामास्तरला, हिला घासू का हिरड्या घासू?"

"काकू, ते मी नाही विचारलं हो!"

"मंग खाली तुजं नाव कसं काय?"

मला वाटलं, तात्यांचं काम रद्द केलं की निरोप बंद होतील. मी 'रद्द' दाबलं. तर ॲपने तात्यांना कळवलं, "बाळा, तुझं काम काढून घेतलं आहे. निराश होऊ नकोस, पुढच्या वेळी जास्त प्रयत्न कर!" म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचा पहिल्या गाडीचा मान मी एका बोटाने काढून घेतला, वर धीरही दिला! घाईघाईने काम परत दिलं. राग शांत व्हावा म्हणून पाच चांदण्याही द्यायला गेलो, तर घामेजलेलं बोट घसरलं आणि चांदण्या खालच्या ओळीतल्या बबनकाकांना गेल्या. लगेच सगळ्यांच्या फोनवर फुलांच्या चित्रासकट येऊन पडलं: 'या आठवड्याचं गुणी बाळ: बबन.'

बबनकाका डेअरीत दूध घालायला गेले, तर तिथे कोणीतरी म्हणालं, "सरका राव, गुणी बाळाला वाट द्या!" काका किटली तिथेच ठेवून घरी निघून गेले. हे ऐकल्यावर मी ॲप काढून टाकलं. मग फोनच बंद केला. मोटारसायकलचा आवाज आला की मी गोठ्यात जाऊन उभा राहत होतो. म्हशीसुद्धा माझ्याकडे संशयाने बघायला लागल्या.

पूनमताई मला रागावली नाही. तिथेच, गोठ्याच्या दाराशी येऊन म्हणाली, "गणा, मांडव उघडा ऱ्हायला तर तिकडं जल्मभर ऐकावं लागंल रं मला." एवढंच बोलून ती गेली.

मांडवडहाळ्याच्या दिवशी अण्णांनी मला मावशीला आणायला खोडदला पाठवलं. (मावशी एकटीही आली असती. मी तात्यांच्या नजरेला पडू नये, हे खरं कारण.) मावशी तयार होऊनच बसली होती, पण माझेच पाय निघेनात.

"मावशी, हे लुगडं नको. दुसरं नेस."

मावशी दुसरं नेसून आली.

"यापेक्षा आधीचं बरं होतं."

"तुला कवापासनं रं लुगड्यातलं कळाया लागलं? काय करून आलाय घरी?"

मी उठून अंगणात आलो. घरात रेंज नव्हती. अंगणातून शेतापलीकडच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठमोठ्या तबकड्या दिसत होत्या. त्यांना म्हणे आभाळातलं कुठलं कुठलं ऐकू येतं, आणि मला माझ्याच दारातलं ऐकू येत नव्हतं. डहाळे आले असतील का? की ताई उघड्या कापडाखाली बसली असेल? उन्हं कलली तेव्हा मला राहवेना. पाण्याच्या टाकीवर चढलो, फोन चालू केला, आणि तो हातातच वाजला. ताईचा होता.

"ताई? कोणी आलं का?"

पलीकडे नुसता गलका होता.

"आली की! समदी आली. पाल्यानं मांडवाचं कापड दिसंना झालंय!"

"आणि तात्या?"

"पैल्या गाडीवर."

"बबनकाका?"

"त्याच गाडीवर."

मी टाकीवर बसूनच घेतलं. "एका गाडीवर? अगं, पण ते बोलत नाहीत ना!"

"आता बोलत्यात. काल तात्या आपल्या पायानं त्यांच्या दारात गेलं. म्हनलं, बबन्या, तुला बी बाळ म्हनला का रं त्यो? तवापासनं जे सुरू झालेत! आत्ता बी मांडवात मांडीला मांडी लावून बसलेत, थांबतच न्हाईत."

माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांचं भांडण मिटलं, आणि तेही माझ्यामुळे!

"एवढं काय बोलतात गं?"

ताईने आवाज खाली आणला.

"तुझ्याविषयीच बोलत्यात, गणा. मावशीला जीपमधी बसवून दे. तू आजचा दिस तिकडंच ऱ्हा."