आईसाठी काढलेली बहात्तर चित्रं

बँकेच्या कुठल्याशा फॉर्मात 'छंद' असा एक रकाना असायचा. त्यात मी वर्षानुवर्षं इमानेइतबारे 'वाचन, चित्रकला' असं लिहीत आले. कोलकात्याला बदली झाली तेव्हा पुण्याच्या शाखेतली मंडळी म्हणाली, "तुझी चैन आहे बाई, छंदांना साजेसं गाव मिळालं." पहिली दोन वर्षं ते खरंही होतं. रविवारी सकाळी चार-पाच जणांबरोबर खिदिरपूरला जाऊन गोदीतल्या क्रेन कागदावर उतरवायच्या, येताना फुटपाथवरची जुनी पुस्तकं उचलायची आणि दुपारी बेहालाच्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली आडवं पडून वाचायचं. एकटा जीव सदाशिव म्हणतात, तसं सगळं चाललं होतं.

मग आई आली. गेल्या वर्षी ती साताऱ्याला न्हाणीघरात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तिचं एकटीनं राहणं संपलं. नाशिकला भाऊ आहे, पण त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. माझ्याकडे लिफ्ट होती. तेवढ्या एका कारणासाठी ऐंशीला टेकलेली बाई देशाच्या या टोकाला येऊन पडली.

हल्लीचं माझं वाचन सांगते. गेले तीन महिने एक कादंबरी उशाशी आहे आणि मी एक्केचाळिसाव्या पानावर आहे. रोज दीड पान होतं, डोळा लागतो. दुसऱ्या दिवशी काय वाचलं ते आठवत नाही, म्हणून पुन्हा तेच दीड पान. त्या पानावर एक बाई दार उघडते. तीन महिने ती बिचारी दारच उघडतेय. पुस्तक मिटून ठेवलं तर वाचन सुटल्यासारखं होईल, म्हणून मिटत नाही इतकंच.

चित्रकलेचं मात्र भलतंच झालं. मी ऑफिसात असताना आईला सांभाळायला एक बाई ठेवली. पन्नाशीची आहे, जवळच राहते, सगळे तिला मासी म्हणतात. स्वभावानं चांगली, हाताला स्वच्छ, पण तिला बंगालीखेरीज काही येत नाही आणि आईला मराठीखेरीज. आईचं हिंदी म्हणजे मराठी वाक्याच्या शेवटी 'है' लावणं. तिच्या आधीची बाई आठ दिवसांत वैतागून गेली होती. हिचं काय होणार, याची मला धास्तीच होती.

पहिल्याच आठवड्यात एकदा आईला कंबर शेकायला गरम पाण्याची पिशवी हवी होती. मासीनं चहा आणला. आई म्हणाली, "चहा नको है." मासीनं चहात दूध वाढवून आणलं. दोघींचा आवाज चढला आणि आईनं भिंतीकडे तोंड करून दिवसभर जेवण नाकारलं. मी काउंटरवरून फोनवर दुभाष्याचं काम करत होते, समोर पेन्शनचे आजोबा ताटकळत उभे. त्या संध्याकाळी भाऊ फोनवर म्हणाला, "इथे नाशिकजवळ एक वृद्धाश्रम बघितलाय. स्वच्छ आहे, तळमजला आहे आणि सगळे मराठी बोलतात. या महिनाअखेरीपर्यंत सांगितलं तर खोली मिळेल." भाऊ वाईट नाही. तो म्हणत होता ते चुकीचंही नव्हतं, आणि मला त्याचाच जास्त त्रास झाला.

म्हणून मी चित्रं काढायला बसले. आमच्या ऑफिसात कुणाचं ना कुणाचं काही ना काही असतं आणि संदेश मिठाईचे खोके येतात. त्यांची झाकणं आतून पांढरीशुभ्र असतात. ती मी घरी आणायला लागले, पत्त्यांच्या आकाराची कापायला लागले. ऑफिसात समज झाला की दिदी गोडघाशी आहे. प्रत्येक तुकड्यावर एक चित्र. आईला जे हवं ते तिनं दाखवायचं, मासीनं ते करायचं.

सुरुवातीला मी भाव खाल्ला. उशीला छान छाया-प्रकाश दिला, तर मासीनं पाव आणून दिला. डोकं दुखतंय हे सांगायला कपाळाला हात लावलेली एक बाई काढली, शाल, केसांच्या बटा, सगळं मन लावून. आईनं ती लांब धरून पाहिली आणि विचारलं, "ही कोण? हिचं काय गेलं?" मग मी हट्ट सोडला. नुसत्या जाड रेघा. कप, साखरेच्या बरणीवर फुली, चादर, कंगवा, खिडकी उघड, खिडकी लाव, पोट, गुडघा, देवाचं निरांजन. इतकी वर्षं रेघ नाजूक यावी म्हणून हात झिजवला आणि शेवटी कामाला आली ती बालवाडीतली चित्रं. घरी आल्यावर कुकर लावून दोन-तीन काढायची, असं करत बहात्तर झाली. छंदाचं काम झालं की त्यातला जीव जातो. पेन्सिल हातात घेतली की मला जांभई यायची.

आणखी एक सांगून टाकते. दोघींचं हळूहळू जमायला लागलं, आई वेळेवर जेवायला लागली, तेव्हा मला आनंद झाला, पण पुरता नाही. मनाच्या एका कोपऱ्यात मी वाट बघत होते की हे जमू नये. जमलं नाही तर नाशिकचा निर्णय आपोआप झाला असता, माझ्यावर बोल आला नसता आणि मला एखाद्या रविवारी दुपारी झोपता आलं असतं. मला आईचा राग यायचा, आणि राग आला म्हणून स्वतःचा यायचा. या दोन्हींपायी दमायला व्हायचं ते निराळंच.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. त्या दिवशी बँकेत श्वास घ्यायला फुरसत नसते. माझेरहाट स्टेशनहून मेट्रोत उभी राहून घरी आले. भावाला त्याच संध्याकाळी सांगायचं होतं. आईच्या पलंगावर सगळी चित्रं पत्त्यांचा डाव मोडावा तशी पसरलेली आणि मासी आवरत होती. तिनं त्यातलं एक माझ्यापुढे धरलं. ते माझं नव्हतं. एक वाकडा गोल, त्यात चष्म्याचे दोन गोल, डोक्यावर अंबाडा, खांद्याला भली मोठी पर्स.

"तू काढलंस?" मी मासीला विचारलं.

"आमि ना, दिदी. मासिमा," ती आईकडे बोट दाखवत म्हणाली. मग तिनं सगळं अभिनय करून सांगितलं. आई हे चित्र सकाळी दाखवते, जेवण झाल्यावर दाखवते, चहानंतर पुन्हा दाखवते. मासी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते आणि सात बोटं वर करते. आई मान हलवते.

माझ्या आईनं आयुष्यात रांगोळीखेरीज काही काढलेलं नाही. मी तिच्याजवळ बसले.

"बघतेस काय?" ती म्हणाली. "भांडी काढलीस, कंगवा काढलास, पोटदुखीसुद्धा काढलीस. तू कधी येणार हे विचारायचं तर काय दाखवू? यात तू नाहीसच."

सवयीनं मी चित्रच बघत राहिले. नाक नव्हतं. चष्म्याची काडी कानापर्यंत पोचली नव्हती. तोंडाच्या जागी एकच रेघ होती, दोन्ही टोकांना खाली ओढलेली. ती तेवढी तिला नेमकी साधली होती.

"तोंड असं का काढलंस, आई?"

"तसंच असतं. रोज येतेस तेव्हा."

"आणि असलं तोंड दिवसातून तीनदा मागतेस?"

"मग दुसरं कुठून आणू?"

मासी चपला घालून गेली. मी आईला वरणभात वाढला, ती जेवायला लागली, तेव्हा भावाला फोन लावला आणि आई इथेच राहील असं सांगितलं.

"तुला झेपेल का पण?" तो म्हणाला.

"नाही झेपत," मी म्हणाले. "पण राहू दे."