चर्चच्या दारातली कोरडी वाटी

मंडळी, आज सकाळी नातीला घेऊन मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेले होते. चर्चच्या दाराशी पवित्र पाण्याची दगडी वाटी आहे. सवयीनं, न बघताच, तिच्यात बोट घालून क्रुसाची खूण केली. नात म्हणाली, "आजी, त्यात पाणीच नाहीये!" नळाला पाणी नव्हतं, म्हणून कुणी भरली नव्हती.

मी तिथंच थबकले.

बहात्तरच्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. ही वाटी भरायची दर रविवारी एका घराची पाळी असायची. आमच्या पाळीला आईनं घरात उरलेलं तांब्याभर पाणी घेतलं. वाटेत मी घोटभर मागितलं.

"गप चल, देवाचं पाणी हाय ते."

चर्चच्या दारात सांगोल्याकडची एक बाई बसली होती, मांडीवर तान्हं लेकरू. "बाई, वाईच पानी द्या की," ती म्हणाली. आईनं अख्खा तांब्या तिच्या हातात दिला. मग कोरड्या वाटीत बोट टेकवून क्रुसाची खूण केली. मागून येणाऱ्या सगळ्यांनी तसंच केलं. फादरांनीसुद्धा.

आत सगळे गुडघे टेकून पाऊस मागत होते. मी ओठ घट्ट मिटून बसले. मला नाही आणि तिला दिलं! पाऊस पडला तर तिलाही पाणी मिळेल, म्हणून मी तो मागितलाच नाही.

नंतर कितीदा तरी पापकबुलीला बसले. सगळं सांगितलं, हे तेवढं कधीच नाही.

तुमचंही असं काही सांगायचं राहिलंय का? माझं मी आज इथं पहिल्यांदा सांगितलं.