पाटी कोरी करणारी वैजयंती

नवं काम हातात घेतलं की वैजयंती म्हात्रे आधी जुनं बोलणं पुसून टाकायची. बोलणं माणसांशी नव्हे. कॉम्प्युटरवरच्या काळ्या खिडकीत टाइप करून ज्याच्याकडून आम्ही प्रोग्राम लिहून घेतो, त्या एआय मदतनिसाशी. पुसण्याआधी त्यातलं लागणारं तेवढं चार ओळींत एका फाइलीत लिहून ठेवायची, मग "चला, पाटी कोरी" म्हणून नव्याने सुरू. मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचो आणि खरं सांगतो, तिच्यावर जळायचो.

जळायला कारण होतं. उल्हासनगर कॅम्प पाचमधलं आमचं ऑफिस जीन्सच्या कारखान्यांसाठी प्रोग्राम बनवतं. त्यातला कटिंगचा मूळ प्रोग्राम माझा, अकरा वर्षांपूर्वीचा. ही बदलापूरजवळच्या गावातली आगऱ्यांची पोर, येऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. माझं मदतनिसाशी एकच संभाषण आठवडाभर चालायचं. सोमवारची चूक, मंगळवारची दुरुस्ती, मध्येच माझी चिडचिड, सगळं त्यातच. शेवटी ते इतकं लांबायचं की तो आपल्या मनानेच त्याचा सारांश करायचा आणि नेमकं महत्त्वाचं गाळायचा. मी खेकसायचो, "अरे, कालच सांगितलं ना तुला." ती हसायची. "दादा, त्याला सगळं कशाला ऐकवता? लागतं तेवढंच सांगा ना. जास्त सांगितलं का तो पण येडा होतो."

दुपारी डबा उघडला की सुकट आधी माझ्या झाकणावर वाढायची. मी खायचो आणि मनात म्हणायचो, आता हिच्या घरच्या सुकटीलाही चव असायलाच हवी होती का?

माझा जुना प्रोग्राम आम्ही दोघांनी वेगवेगळा, नव्याने लिहायचा असं ठरलं तेव्हा आमचे सेठ म्हणाले, "जिसका शुक्रवार तक चल गया, नया डिपार्टमेंट वही संभालेगा." सेहेचाळिसाव्या वर्षी मला दुसरी संधी कुठून येणार होती? अंबरनाथला, बुवापाड्यात, बायकोला मी सांगूनही टाकलं होतं की साहेब होतोय.

मंगळवारी वैजयंती वही घेऊन आली. "दादा, एक विचारू? काळ्या कापडाला तुम्ही दीड इंच जास्त का धरलाय?" धुलाईत ते कापड जास्त आटतं, हे मला एका कटिंग मास्तरने शिकवलं होतं आणि मी ते कुठेच लिहून ठेवलेलं नव्हतं. मी मान वर न करता म्हणालो, "काम आहे. नंतर." ते नंतर मी येऊच दिलं नाही.

बुधवारी ती वडिलांना डॉक्टरकडे न्यायचं म्हणून लवकर गेली. ऑफिसात आमचं सगळ्यांचं लॉगिन एकच, त्यामुळे जुन्या संभाषणांची यादी कुणालाही दिसते. मी तिचं सगळ्यात वरचं, अजून न पुसलेलं उघडलं. म्हटलं, बघू तरी हिची जादू. जादू कसली, साध्या सरळ ओळी होत्या. मग न राहवून मी खाली टाइप केलं, "ही वैजयंती माझ्याबद्दल तुला काय काय सांगते?" लगेच उत्तर आलं, "एकदाच उल्लेख आहे. त्या म्हणाल्या, दीड इंचाच्या भागाला हात लावू नकोस. सुधीरदादांनी लिहिलंय म्हणजे कारण असणार, मी त्यांना विचारून येते."

शरम वाटली, पण त्याहून जास्त राग आला. इतकं चांगलं वागायची गरज काय होती? खिडकी बंद करून मी घरी गेलो. आपण विचारलेलं तिच्याच संभाषणात शेवटी लिहिलं गेलंय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

काम अर्धवट होतं म्हणून गुरुवारी सकाळी तिने तेच संभाषण पुन्हा उघडलं. शेवटी माझा प्रश्न तिला दिसला. मग ती खुर्ची ओढून माझ्याजवळ येऊन बसली. माझे कान तापले. वाटलं, आता ही ऑफिसभर करणार. ती हळू आवाजात एवढंच म्हणाली, "दादा, त्याला काय विचारता, मलाच विचारा ना. आणि तो दीड इंच सांगा आता." मी सांगितलं. चांगुलपणाने नव्हे, पकडला गेलो होतो म्हणून.

शुक्रवारी तिचा प्रोग्राम चालला. माझा अडकला. तिने सगळ्यांदेखत सेठना सांगितलं, "काळ्या कापडाचं दादांनी सांगितलं, नायतर सगळ्या पँटी आखूड झाल्या असत्या." माझ्यासाठी टाळ्या झाल्या आणि डिपार्टमेंट तिला मिळालं. त्या टाळ्याही मला टोचल्या.

वर्षभर ती माझी मॅडम होती. माझ्या टेबलाशी येऊन विचारायची, दादाच म्हणायची, आणि मी वर्षभर कुढत राहिलो. गेल्या महिन्यात तिला पुण्याला मोठी नोकरी लागली. ती गेली त्या दिवशी सेठनी मला आत बोलावलं. "वैजयंती बोल के गई, सुधीर को दो. बोली, दूसरे किसी का नाम मत सोचना."

हवं होतं ते मिळालं. बायकोने चाळभर पेढे वाटले. लोक अभिनंदन करतात, मी हसून मान हलवतो. पण तिने ही जागा माझ्याकडून हिसकावून घेऊन कायमची ठेवली असती ना, तर मी जन्मभर तिच्यावर निवांत जळलो असतो. तेवढीही सोय ती ठेवून गेली नाही.