खलासची पेटी

पेटीकाका जनावरासाठी पेटी बनवत, तेव्हा ती देण्याआधी स्वतःचं डोकं तिच्यात घालून दहा मिनिटं बसत. वरून चादर टाकायला लावत. मस्कतच्या हमरिया भागातल्या त्यांच्या गाळ्यासमोर हे मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला हसू आवरेना. काका घामाने निथळत बाहेर आले आणि म्हणाले, "डाव्या बाजूला अजून चार भोकं पायजेत." तेव्हा माझं हसू मावळलं, कारण पेटी आमच्याच मांजरीची होती.

काका मूळचे वसईचे, सुतार. मस्कतच्या एका हॉटेलात नोकरी, आणि संध्याकाळी देश सोडून निघालेल्यांचं सामान बांधून द्यायचं. खरं नाव कुणीच घेत नसे. दोन हजार सालाच्या आसपास आम्ही मस्कतच्याच वादी अदाई भागातलं दहा वर्षांचं घर मोडून कॅनडाला निघालो, तेव्हा माझी झोप उडाली होती. मी याद्या करायची, फाडायची, पुन्हा करायची. काकांनी माझी यादी न वाचताच बाजूला ठेवली. "बाय, जे हरवलं तर रडशील, ते जहाजात घालायचं नाय. कपबशा कुठंपण मिळतात." आणि त्यांनी भरलेल्या खोक्यातून आमची बुद्धमूर्ती काढून माझ्या हातात दिली. यादीत ती सतराव्या खोक्यात, प्रेशर कुकरशेजारी होती.

चिंता मात्र काकांच्याही पाचवीला पुजलेली. बंदरातला क्रेनवाला नवा असला तर? विमानात जनावरांच्या भागात थंडी वाजली तर? नवरा म्हणे, ह्या माणसाला घरात घेऊ नकोस, तुझं ब्लडप्रेशर वाढतंय. पण खरं सांगते, माझ्यापेक्षा जास्त घाबरणारं कुणीतरी भेटलं म्हणून मला जरा बरंच वाटे.

मांजरीच्या नावाचीही एक गंमतच होती. काळं, हाडकुळं पिल्लू लेकीने उचलून आणलं, तेव्हा नवऱ्याने बजावलं होतं, एक आठवडा ठेवा, मग खलास. लेकीचं मराठी बेताचंच. तिला वाटलं, बाबांनी नाव ठेवलं. डॉक्टरांच्या अरबी दाखल्यावरही तेच नाव गेलं, आणि अरबीतही खलास म्हणजे संपलं.

त्या नावाने विमानतळावर घात केला. कार्गोच्या खिडकीतल्या ओमानी तरुणाने दाखला वाचला, "मांजर : खलास", आणि हळहळून आमच्या बुकिंगवर सरळ रेघ मारली. मेलेलं मांजर नेता येत नाही, म्हणाला. नवरा इंग्रजीतून समजावत राहिला. लेक पेटीशी बसून हाका मारत होती, पण भेदरलेली मांजर आवाज काढेना, आणि त्या अंधाऱ्या पेटीत काळी मांजर दिसणार कशी? विमानाची वेळ होत आली. लेक म्हणाली, "आई, तिला सोडून मी नाही येणार." ही पोरगी बोलते तसं करते.

पेटी पोचवायला आमच्याबरोबर आलेले काका पुढे झाले, गुडघ्यावर बसले आणि त्यांनी एका भोकातून आपलं बोट आत घातलं. पुढच्याच क्षणी त्यांनी ओठ आवळले. बोट बाहेर आलं ते रक्ताळलेलं. ते त्यांनी खिडकीपाशी नेऊन धरलं. "अर्बाब, शूफ. बघ, साहेब. मेलेली चावते काय?" तरुण हसला आणि त्याने नवा कागद घेतला.

निघताना काकांनी आपल्या गाळ्याशेजारच्या कॅफेटेरियाचा नंबर लिहून दिला. "सामानाचं राहू दे. मांजर जिती पोचली की तेवढं कळव." मी हो म्हटलं, अगदी मनापासून.

तिथे पोचल्यावर भाड्याचं घर, शाळा, बँक, आणि हाडं गोठवणारी थंडी. आठव्या दिवशी फोनची आठवण झाली. कॅफेटेरियावाला हिंदीत म्हणाला, तुमचे काका रोज संध्याकाळी इथेच, फोनपाशी बसलेले असतात. मग काकांचा आवाज आला, "बोल बाय. काय असेल ते सांग."

मी सांगितलं, बरी आहे, खातेपिते.

"मला वाटलं, सांगायला तुझी जीभ रेटत नाय म्हणून फोन येत नाय. आठ दिवस एक पेटी नाय केली मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खलास पहिल्या दिवसापासून हीटरपाशी पाय पसरून झोपत होती.