हळूमास्तरांनी बसवलेले खड्डे

शहरातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला हळूमास्तरांनी शिकवलं, आणि उरलेल्या निम्म्यांनी त्यांच्या धास्तीने सायकलवरच समाधान मानलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशी. त्या दुसऱ्या ब्रेकवर मास्तरांनी सगळी नोकरी काढली. तोंडात सदा एकच शब्द, ‘हळू!’, म्हणून हे नाव पडलं. गाडी उभी असली तरी ते ‘हळू’ म्हणत, असं विद्यार्थी सांगतात. हे खोटं असावं, पण फार खोटं नसावं.

घरातही त्यांच्या पायाखाली एक ब्रेक होताच. मुलाने दूरच्या शहरातली नोकरी घेतो म्हटलं, की दाबला ब्रेक. काकूंच्या मनात भिंतींना पिवळा रंग द्यायचं आलं, की दाबला ब्रेक. मुलगा तरीही गेला, भिंती मात्र पांढऱ्याच राहिल्या. काकू म्हणजे मास्तरांची बायको. औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून त्यांची हयात गेली होती. गोळ्यांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला बारीक अक्षरांचा कागद शेवटपर्यंत वाचणाऱ्या त्या जगात बहुधा एकट्याच असाव्यात.

अख्ख्या शहराला शिकवणाऱ्या मास्तरांनी काकूंना तेवढी गाडी शिकवली नव्हती. म्हणजे लग्नानंतर एकदा शिकवायला घेतली होती, नाही असं नाही. पण गाडी फाटकापर्यंत पोचायच्या आत मास्तर इतके ओरडले, की समोरच्या इमारतीतल्या खिडक्या पटापट उघडल्या. काकूंनी शांतपणे इंजिन बंद केलं, किल्ली मास्तरांच्या मांडीवर ठेवली आणि घरात जाऊन कपडे वाळत घातले. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. चारचौघांत मास्तर मात्र सांगत, "आमच्या हिला गाडीची आवडच नाही हो."

मग निवृत्तीनंतर मास्तरांच्या डोळ्यांनी दगा दिला. समोरचं दिसे, कडेचं दिसेना. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब लिहून दिले, नियमित तपासायला यायला सांगितलं आणि वर म्हणाल्या, "आजपासून गाडी चालवायची नाही." दारातल्या पांढऱ्या गाडीवर कापड पडलं. कित्येक महिने ती तशीच उभी होती, आणि तोवर ती विकायचं नावही मास्तरांनी काढलं नव्हतं. तेवढ्या काळात काकूंनी पलीकडच्या चौकातल्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, शिकल्या, परीक्षा दिली, परवाना आणला. आणि नेमक्या त्याच आठवड्यात मास्तरांना गाडी डोईजड झाली. गिऱ्हाईकही मिळालं. रविवारी बघायला येतो म्हणाला.

"विकायची कशाला? मी चालवीन की," काकू म्हणाल्या.

"परवाना काय, पैसे टाकले की लॉटरीचं तिकीटसुद्धा मिळतं. तुला शिकवलं कुणी, तर त्या चौकातल्या मास्तराने! माझ्याच हाताखाली शिकला, आणि त्याला अजून गाडी धड मागे घेता येत नाही." मास्तरांचा आवाज चढला. "आणि आपल्या गाडीला माझ्या बाजूला ब्रेक नाही."

यातलं शेवटचं तेवढं खरं होतं, बाकी सगळं त्याच्यावरचं पांघरूण. मास्तरांना भीती वाटत होती. अपघाताची वाटतच होती, पण त्याहून वाईट भीती दुसरीच होती. बायको गाडी चालवणार, आपण शेजारी बसणार आणि आपली कुणाला गरजच पडणार नाही. मग आपण नेमके कोण, हे काही त्यांना सुचेना.

काकूंनी वाद घातला नाही. मुलगा जाताना आपला गेम कन्सोल टीव्हीखाली ठेवून गेला होता. त्यावर शहरातून गाडी चालवायचा एक खेळ होता आणि काकू दुपारी त्यावर हात साफ करत. त्या म्हणाल्या, "शनिवारी यावर चालवून दाखवते. रस्ते तुम्ही ठरवा. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठे नुसती घासली तरी खुशाल विका. नाही घासली, तर गाडी राहील आणि मी चालवीन."

पोरखेळ आहे म्हणून मास्तरांनी ताबडतोब मान्य केलं. मग त्यांनी दारातून तिचं चालवणं पाहिलं. रिकाम्या चौकातही ती वळायच्या आधी दिवा दाखवत होती. आरसा बघत होती. मास्तर दारातूनच मागे फिरले.

दोष अर्थात बायकोच्या कौशल्याचा नव्हता, रस्त्यांचा होता. खेळातले रस्ते असे गुळगुळीत, की मास्तरांनी ते फक्त सिमेंटच्या जाहिरातीत पाहिले होते. पादचारी रांगेत चालत, बस थांब्यावरच थांबे. असल्या जगात काय, कुणीही गाडी चालवील! त्यांनी मुलाला फोन लावला.

"खेळातले रस्ते बदलता येतात का रे?"

"मॉड घालायचे, बाबा. लोकांनी हौसेने केलेले बदल असतात. कुणी गाड्या करतं, कुणी रस्ते करतं. पण तुम्हाला कशाला हवेत?"

"तुझ्या आईला सोपं जावं म्हणून," मास्तर म्हणाले. इतकं धडधडीत खोटं त्यांनी परीक्षेच्या दिवशीही कुठल्या विद्यार्थ्याला सांगितलं नव्हतं.

मुलाने समजावलं. कन्सोलवर मॉड बाहेरून आणता येत नाहीत, खेळाच्या आतच मॉडचं पान असतं, तिथूनच घ्यायचे. आधी खातं उघडायचं. मग आईने आजवर खेळलेलं जे जपून ठेवलंय, त्याला सेव्ह म्हणतात, त्याची एक प्रत काढायची. एका वेळी एकच मॉड बसवायचा, खेळ चालवून बघायचा, मगच दुसरा. आणि क्रम सांभाळायचा, आधी नकाशा, मग रस्ते, मग रहदारी. मास्तर "हो हो" म्हणत राहिले. आयुष्यभर त्यांनी पोरांना ‘आधी क्लच, मग गिअर’ घोकायला लावलं, आणि एकदम दोन गोष्टी करणाऱ्याला गाडीतून उतरवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण ज्याने केली त्याला मास्तर भेटले असावेत.

गुरुवारी काकू औषधाच्या दुकानात कामाला गेल्या आणि मास्तर टीव्हीसमोर बसले. पहिल्यांदा त्यांनी मोबाइलवर कुठूनतरी ‘खड्डे’ नावाचं काहीतरी उतरवलं, पेनड्राइव्हवर घेतलं आणि कन्सोलला खुपसलं. कन्सोलने ढुंकूनही पाहिलं नाही. पेनड्राइव्ह फुंकर मारून परत खुपसला, तरी नाही. तेव्हा नाइलाजाने मुलाचं ऐकायची वेळ आली.

खातं उघडायला जन्मवर्ष हवं होतं. चालू सालापासून मागे जायचं, तर मास्तरांच्या जन्माला पोचेपर्यंत अंगठा दुखायला लागला. मग नाव. ‘मास्तर’ आधीच कुणीतरी घेतलेलं. ‘हळूमास्तर’ म्हटलं, तर चक्क तेही घेतलेलं! जगात दुसराही एक हळूमास्तर आहे, या बातमीने ते थोडे दुखावले. शेवटी यंत्रानेच मागे आकडे जोडून एक नाव दिलं आणि त्यांनी ते कैद्याच्या बिल्ल्यासारखं स्वीकारलं. पासवर्डात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह पाहिजे होतं. एकेक अक्षर कन्सोलच्या हातातल्या यंत्रावरच्या गोल खुंटीने शोधत मास्तरांनी शिव्यांची उजळणी केली.

मॉडचं पान उघडलं आणि लोकांना काही कामधंदे नाहीत याची त्यांना खात्री पटली. कुणी बसला पंख लावले होते, कुणी रस्त्याकडेला डायनासोर उभे केले होते. एका भल्या माणसाने सगळ्या गाड्यांचे हॉर्न बंद केले होते. त्याला मात्र मास्तरांनी मनातून आशीर्वाद दिला. मग यंत्राने ताकीद दिली, मॉड चालू असताना खेळातली बक्षिसं मिळणार नाहीत. मास्तरांना हे फार आवडलं. बक्षीस देणं त्यांनाही कधी जमलं नव्हतं.

खड्डे घेतले. धुकं घेतलं. मोकाट गुरं घेतली. मधोमध थांबणाऱ्या बस, मोबाइलमध्ये बघत रस्ता ओलांडणारी माणसं, अरुंद बोळांचा नवा नकाशा, सगळं घेतलं. भूक लागलेली असताना बाजारात गेलेल्या माणसाची जी गत होते, तीच झाली. प्रत काढायचं राहिलं. एकेक बसवायचं राहिलं. क्रम जो पडला तो पडला. मास्तरांनी खेळ सुरू केला.

अति तेथे माती म्हणतात, इथे मातीसुद्धा जागेवर नव्हती. खड्डे रस्त्यापासून हातभर वर तरंगत होते. एक गाय बसच्या टपावर उभी राहून रवंथ करत होती. माणसं भिंतीतून आत शिरत होती आणि बाहेर येत नव्हती. मग चित्र थिजलं. मास्तरांनी घाबरून कन्सोल बंद केला, परत चालू केला, काकूंचा सेव्ह उघडायला गेले, तर पाटी आली, ‘उघडता येत नाही.’

पहिल्या क्षणी त्यांना वाटलं, सुटलो. आता परीक्षाच नाही. दुसऱ्या क्षणी त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत. रोज दुपारी, दुकानातून दमून आल्यावर, ती इथे बसून शिकत होती. त्यांनी शिकवलं नव्हतं म्हणून शिकत होती. आणि आपण तेही पुसून टाकलं.

काकू आल्या तेव्हा मास्तर टीव्हीसमोर हातात खुंट्यांचं यंत्र धरून तसेच बसले होते.

"काय झालं?"

"वीज गेली होती मघाशी."

काकूंनी भिंतीवरच्या विजेवर चालणाऱ्या घड्याळाकडे पाहिलं, ते बरोबर वेळ दाखवत होतं. मग पडद्याकडे पाहिलं. तिथे यादी होती. त्यांनी ती मोठ्याने वाचली. "खड्डे. धुकं. मोकाट गुरं. मधोमध थांबणाऱ्या बस. अहो, हे सगळं माझ्यासाठी?"

"तुला सोपं जावं म्हणून," मास्तर पुटपुटले.

"पुरे हो," काकू म्हणाल्या. "आणि तोंड असं करू नका. प्रत आहे माझ्याकडे, दर रविवारी काढते."

त्या बसल्या. एकेका मॉडखाली बारीक अक्षरांत काय काय लिहिलंय ते शेवटपर्यंत वाचत गेल्या. "दोन नव्या गोळ्या कधी एकदम सुरू करतात का? पुरळ उठला तर कुठल्या गोळीने उठला, कळणार कसं?" त्यांनी सगळे मॉड बंद केले. सेव्ह निमूट उघडला. मग काकूंनी आधी नकाशा चालू केला, पाहिलं. मग खड्डे. ते शहाण्यासारखे जमिनीत बसले. मग बस, मग माणसं, मग गुरं. गाय टपावरून उतरली.

"धुकं राहिलं," काकू म्हणाल्या.

"नको, असू दे."

"का? तुम्ही एवढ्या हौसेने आणलंय." त्यांनी धुकंही लावलं. "आता शनिवार कशाला? आत्ताच बघा."

गाडी निघाली. धुक्यातून एक बस पुढ्यात उगवली आणि मास्तर ओरडले, "ब्रेक!" गाडी आधीच थांबली होती. पुढच्या बोळात मोबाइलवाला माणूस आडवा आला. "ब्रेक!" गाडी उभीच. खड्ड्याशी, वळणावर, तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी, प्रत्येक वेळी मास्तरांचा शब्द अर्ध्या श्वासाने मागे पडत होता.

"तुला आधीच कसं कळतं गं?"

"इतकी वर्षं घरात दुसरं काय ऐकलंय मी?"

शेवटच्या चौकात एक गाय रस्त्यात बसली. काकू थांबल्या. गाय उठेना. काकू थांबूनच राहिल्या, हॉर्नसुद्धा वाजवला नाही. मास्तर चुळबुळले, पुढे सरकले आणि त्यांच्या तोंडून निघालं, "अगं, काढ ना कडेने, चल लवकर!"

काकूंनी मान वळवून पाहिलं. "काय म्हणालात?"

"काही नाही," मास्तर म्हणाले.

गाय उठली, गाडी दुसऱ्या टोकाला पोचली, कुठे ओरखडा नाही. पडद्यावर बक्षीस आलं नाही. शेजारी बसलेल्यानेही दिलं नाही. रविवारच्या गिऱ्हाइकाला काकूंनीच फोन करून कळवलं, की गाडी घरात लागते आहे.

सोमवारी डोळे तपासायला जायचं होतं. मास्तरांनी स्वतः कापड काढलं, काच पुसली आणि नेहमीच्या सवयीने शेजारच्या सीटवर बसले. स्कूलच्या गाडीत जिथे ब्रेक असे, तिथे इथे नुसता रबरी गालिचा होता. फाटक आलं, आणि मास्तरांचा पाय गालिच्यावर दाबला गेला.

"तिथे काही नाहीये," काकू रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

मास्तरांनी पाय उचलला. पहिल्या चौकात तो आपोआप परत गेला. त्यांनी दाबला, आणि त्याच क्षणी गाडी थांबली. शाळेसमोर त्यांनी दाबला, गाडी थांबली. बाजाराच्या वळणावर कडेने काहीतरी येत होतं, ते त्यांना दिसलंच नाही, आणि गाडी थांबली. मास्तर पायाकडे बघत राहिले. तो तर उचललेलाच होता.

त्यांनी दोन्ही पाय जवळ घेतले, हात मांडीवर ठेवले आणि दवाखाना येईपर्यंत एकदाही ‘हळू’ म्हटलं नाही. उतरताना दाराला धरून ते थोडे घुटमळले.

"परत जाताना रंगाच्या दुकानावरून घे," ते म्हणाले. "पिवळा म्हणत होतीस ना?"