दोन पिवळ्या रेघा

साळवे सर गेल्याचा निरोप जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर आला तेव्हा माझा विश्वास बसला नाही. म्हणजे धक्क्यानं वगैरे नाही, खरोखरच बसला नाही. याच ग्रुपवर एका धडधाकट माणसाला आम्ही एकदा श्रद्धांजली वाहून बसलो होतो. म्हणून इम्रानला फोन केला. तो, मी आणि सर चिकलठाण्याच्या एका डिझाइन ऑफिसात कित्येक वर्षं एकत्र होतो. "खरंय गं," तो म्हणाला, "सकाळीच गेले. अब तो यकीन कर." तरी मी सरांच्या भागात, हर्सूलला राहणाऱ्या एका मैत्रिणीला विचारलंच. काय करणार, संशय हे आमच्या घरचं बाळकडू. आजोबा कचेरीत कारकून, वडील शाळातपासनीस. दूधवाल्यानं डोळ्यांसमोर माप घातलं तरी आई भांडं वाकवून बघायची.

मी पाइपिंगचं डिझाइन करते. कारखान्यात कुठली नळी कुठून निघून कुठं जाईल, कुठं वळेल, कशावर टेकेल, हे आधी कागदावर ठरवायचं. साळवे सर आमचे चेकर. रीत अशी, की ड्रॉइंगची प्रिंट चेकरकडं जायची. जे बरोबर त्यावर त्यानं पिवळी पेन्सिल फिरवायची, चूक असेल तिथं लाल. एकही आकडा बिनरंगाचा राहता कामा नये. माझी प्रिंट परत यायची तेव्हा प्रत्येक आकड्यावर दोन पिवळ्या रेघा असायच्या. एक वेडीवाकडी, दुसरी सरळ. म्हणजे हा माणूस माझं काम दोनदा तपासतो! दुसऱ्या कुणाची प्रिंट मी कधी मागून पाहिली नाही, कारण मला कारण पक्कं ठाऊक होतं ना... बाईमाणूस, त्यात नवी. सर बोलायचेही मोजकं. "मॅडम, उद्या सकाळी देतो." संध्याकाळी प्रिंटची गुंडाळी स्कूटरला बांधून घरी घेऊन जायचे. मी मनात म्हणायची, मुरलेला आहे गडी, घरी बसून माझ्या चुका शोधतो.

ते दुष्काळाचे दिवस होते. शहर चारी अंगांनी पसरत चाललेलं, बिडकीनकडं जमिनी बघणाऱ्यांच्या गाड्यांची रांग, आणि आमच्या कॉलनीत नळाला आठव्या दिवशी पाणी. सिल्लोडच्या रस्त्यावरच्या एका मक्याच्या स्टार्चच्या कारखान्याचं काम आमच्याकडं होतं. त्यांचं पाणी तुटलं. वापरलेलं पाणी साठवून परत फिरवायला टाकी आणि पंप तातडीनं हवे होते, नाहीतर कारखान्याला कुलूप. ड्रॉइंग मी काढलं, आणि सरांनी ते दोन दिवस दिलंच नाही. माझं डोकं फिरलं. त्यांच्या टेबलाशी जाऊन म्हटलं, "सर, माझ्यावर एवढा अविश्वास असेल तर तोंडावर सांगा." ते चष्मा काढून पुसत राहिले. "तुमच्यावर नाय हो, मॅडम..." मी तडक मॅनेजरकडं गेले आणि लेखी तक्रार दिली. त्याच दिवशी ते ड्रॉइंग दुसऱ्या चेकरकडं गेलं, त्यानं तासाभरात पास केलं. आठवड्यानं साळवे सरांची रवानगी जुन्या ड्रॉइंगच्या खोलीत झाली.

पंप सुरू केला तर आत गिट्टी भरल्यासारखा आवाज. पंपाच्या तोंडाशी मोठी नळी लहान होते, त्या जोडाची सपाट बाजू वर हवी. मी ती खाली दाखवली होती. वर हवा अडकत होती. नळी कापून जोड उलटा करावा लागला. दुसऱ्या दिवशी सर माझ्या टेबलाशी आले, ते ड्रॉइंग अगदी नाकाशी धरून पाहिलं आणि म्हणाले, "मी असतो तरी सुटलं असतं, मॅडम. वाईट नका वाटून घेऊ." मला ऐकू आलं ते असं: कशी जिरली! त्या टोमण्यावर मी वर्षानुवर्षं धुमसत राहिले. सरांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली, त्यांच्या निरोपाच्या चहालाही मी गेले नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर काही आठवड्यांनी इम्राननं मला जवळजवळ ओढूनच सरांच्या घरी नेलं. काकूंनी चहा ठेवला. इम्रान बोलता बोलता म्हणाला, "सरांची ती डबल पिवळी रेघ! माझ्या एकेका शीटवर असायची."

"तुझ्यासुद्धा?"

"सगळ्यांच्याच की. तुला काय वाटलं, तू लई खास?"

काकू म्हणाल्या, "शुगरनं डोळे अधू झाले होते ना त्यांचे. पिवळं तर संध्याकाळचं दिसायचंच नाय. मग सकाळी त्या खिडकीपाशी, स्टुलावर बसून, उन्हात पुन्हा एकदा सगळं बघायचे. स्वतःच्या नजरेवर इतबार राहिला नव्हता. हापिसात सांगावं तर नोकरी जायची, लेकीचं शिक्षण चाललेलं."

खरं सांगते, आधी मला रागच आला. असे डोळे घेऊन हा माणूस वाफेच्या नळ्या पास करत होता? कुणाच्या जिवावर बेतलं असतं तर? तो राग अजून पुरता गेलेला नाही. पण "मी असतो तरी सुटलं असतं"... अरे देवा. तो टोमणा नव्हताच. घराबाहेर कुणाला न सांगितलेली गोष्ट त्या माणसानं माझ्यासमोर अर्धी उघडी केली होती, माझं मन राखायला. आणि मी त्यात वार शोधत बसले. लाजेनं मान वर होईना.

"काकू, ती तक्रार मी केली होती."

"ठाऊक होतं त्यांना. घरी येऊन म्हणाले, बरं झालं, त्या पोरीनं सोडवलं मला. माझ्यानं सुटत नव्हतं."

सर खरंच असं म्हणाले असतील, की काकू माझी समजूत घालत होत्या? मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. काही थांग लागेना. विचारायला तोंड उघडलं... आणि मिटलं. खरं असेल तर सर मोठे, खोटं असेल तर काकू. मी दोन्हीकडून लहानच. उठून खिडकीपाशी गेले, सरांच्या त्या स्टुलावर बसले आणि ढसाढसा रडले.